रीफ टँकमध्ये किडा दिसला? मारण्याआधी तो कोण आहे ते ओळखा

टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने त्यावर टॉर्च मारून पाहा. दिवसा निर्जीव वाटणारे खडक जागे झालेले दिसतील. एखाद्या भोकातून गुलाबीसर, केसाळ किडा अर्धा बाहेर येऊन वाळूत काहीतरी शोधत असतो. काचेवर तांबूस ठिपके सरकत असतात. खडकाखालून शेवयांसारखे पांढरे धागे पसरलेले असतात.

घरात रीफ टँक, म्हणजे खारं पाणी, जिवंत प्रवाळ आणि समुद्री मासे असलेलं मत्स्यालय, लावणाऱ्यांना हे दृश्य कधी ना कधी दिसतंच. मग फोटो काढून ग्रुपवर टाकला जातो आणि खाली प्रश्न असतो : "हे मारायचं कसं?"

त्याआधी विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे : "हा आहे कोण?" कारण टँकमधले बहुतेक किडे निरुपद्रवी असतात, काही तर फुकटात साफसफाई करतात. खरोखर नुकसान करणारे मोजकेच आणि त्या प्रत्येकाचा उपाय वेगळा. शिवाय घाईत केलेला उपाय किड्यापेक्षा महागात पडू शकतो. त्यात टँकमधले सगळे मासे एका रात्रीत मेल्याची उदाहरणं आहेत आणि घरातल्या माणसांना दवाखान्यात न्यावं लागल्याचीही.

किडे टँकमध्ये येतात कुठून?

ते आपणच आणतो. रीफ टँकचा पाया असतो 'लाइव्ह रॉक', म्हणजे समुद्रातला भोकाभोकांचा, जीवाणू आणि लहान जीवांनी भरलेला खडक. या जीवाणूंमुळेच टँकमधला विषारी अमोनिया कमी होत राहतो. पण त्याच भोकांमध्ये किडे, खेकडे, गोगलगायी आणि त्यांची अंडीही असतात.

दुसरा रस्ता म्हणजे प्रवाळाचे तुकडे. शौकीन मंडळी त्यांना 'फ्रॅग' म्हणतात. मोठ्या प्रवाळाचा तुकडा तोडून तो गोल चकतीवर चिकटवून विकला जातो. एका टँकमधून दुसऱ्या टँकमध्ये जाताना तुकड्यावरचे किडे आणि चकतीखालची अंडी सोबत जातात. दुकानातलं पाणी टँकमध्ये ओतलं, तर तोही एक मार्ग.

म्हणून "माझ्या टँकमध्ये किडे कसे आले?" याचं उत्तर बहुतेक वेळा शेवटच्या एक-दोन खरेदींमध्ये सापडतं.

यांना हात लावू नका

*केसाळ ब्रिसल वर्म.* सर्वात जास्त घाबरवणारा आणि बहुतेक वेळा सर्वात उपयोगी. गांडुळाच्या लांबच्या नात्यातला हा वलयांचा किडा. दोन्ही बाजूंना बारीक पांढऱ्या केसांचे झुपके, रंग गुलाबी, करडा किंवा तपकिरी. माशांनी टाकलेलं खाद्य, विष्ठा, मेलेली गोगलगाय असं सगळं तो खातो. मेलेल्या माशाभोवती सकाळी असे दहा किडे दिसले, तर "यांनीच मासा मारला" असा समज होतो. प्रत्यक्षात ते बहुधा मासा मेल्यावर आलेले असतात.

मात्र त्याला उघड्या हाताने धरू नका. त्याचे केस खाजकुयलीसारखे कातडीत घुसतात आणि आग होते. केस लागलेच तर चोळू नका. चिकटपट्टी हलकेच दाबून ओढा, म्हणजे बरेचसे केस निघून येतात. सूज वाढली किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरांकडे जा.

*शेवयांसारखे धागे.* हा स्पॅगेटी वर्म. स्वतः भोकात बसतो आणि लांब धाग्यांनी वाळूवरचा कचरा गोळा करतो.

*पिसाऱ्याचा किडा.* नळीत राहतो, तोंडाशी पंख्यासारखा पिसारा. सावली पडली की झटकन आत. पाणी गाळून खातो, कुणाच्या वाटेला जात नाही.

*जिलेबीसारख्या पांढऱ्या नळ्या.* काच, पंप, पाइपवर दोन-तीन मिलिमीटरच्या गुंडाळलेल्या पांढऱ्या नळ्या दिसतात. हेही गाळून खाणारे, निरुपद्रवी किडे. पंपात फार साचले तर खरवडून काढा, एवढंच.

या मंडळींची संख्या अचानक वाढली तर त्याचा अर्थ बहुधा एकच : टँकमध्ये खाणं जास्त पडतंय. ब्रिसल वर्मची संख्या त्याला मिळणाऱ्या अन्नावर ठरते. शंभर किडे चिमट्याने काढले आणि खाद्याचं प्रमाण तेच ठेवलं, तर काही आठवड्यांत पुन्हा तितकेच दिसतील. खाद्य कमी केलं, वाळूतला गाळ सायफनने काढला, तर किडे न मारताही कमी होतात.

मग खरे उपद्रवी कोण?

१. लाल चपटे कृमी. तांबूस-तपकिरी, काही मिलिमीटरचे, मागच्या टोकाला तीन छोटी शेपटं. शास्त्रीय नाव कॉन्व्होल्युट्रिलोबा. शौकीन त्यांना 'रेड प्लॅनेरिया' म्हणतात, पण ते खरे प्लॅनेरिया नाहीत. शास्त्रज्ञ आता त्यांना चपट्या कृमींच्या मूळ गटातही धरत नाहीत. हे प्रवाळ कुरतडत नाहीत. त्यांच्या शरीरात शैवाल असतं आणि त्यासाठी त्यांना उजेड लागतो. म्हणून ते प्रवाळाच्या अंगावर चादरीसारखे पसरतात आणि प्रवाळाचा उजेड अडवतात. तुकडा तुटून त्याचा नवा कृमी होतो, त्यामुळे संख्या झपाट्याने वाढते. शिवाय त्यांच्या शरीरात विष असतं. त्याबद्दल पुढे.

२. अ‍ॅक्रोपोरा खाणारा चपटा कृमी. अ‍ॅक्रोपोरा म्हणजे फांद्यांचे, रंगीत आणि महागडे प्रवाळ. हा कृमी फक्त त्यांच्यावरच जगतो. अर्धपारदर्शक अंग, त्यात खाल्लेल्या प्रवाळाचाच रंग. त्यामुळे डोळ्यासमोर असूनही दिसत नाही. २०११ साली त्याचं शास्त्रीय वर्णन टँकमधल्या नमुन्यांवरून झालं. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर तो सापडल्याची नोंद त्यानंतरची. म्हणजे विज्ञानाला हा उपद्रवी आधी टँकमध्ये भेटला, मग समुद्रात.

३. युनिसिड, अर्थात बॉबिट वर्मचं कुटुंब. लांब, मजबूत, अंगावर इंद्रधनुषी चमक. डोक्यावर पाच मिशा आणि आत कात्रीसारखे जबडे. या कुटुंबातले लहान किडे बहुतेक वेळा त्रास देत नाहीत. मोठे मात्र मासे आणि प्रवाळ दोन्ही खाऊ शकतात. त्यातला प्रसिद्ध युनिस अ‍ॅफ्रोडिटॉइस किती वाढतो? जपानच्या शिराहामा इथे २००९ साली एका तरंगत्या तराफ्यात सापडलेला किडा २९९ सेंटीमीटरचा होता. जवळजवळ तीन मीटर!

४. शिंपले मारणारा नारिंगी किडा. ओएनोन फुल्गिडा. गुळगुळीत, नारिंगी, केस न दिसणारा. रात्री बाहेर येतो, चिकट स्राव सोडतो आणि गोगलगायी, शिंपले खातो. मोठे ट्रायडॅक्ना शिंपले कारण न कळता एकामागून एक मरत असतील तर याचा संशय घ्या.

यांच्या जोडीला 'फायरवर्म' हे नाव ऐकायला मिळतं. प्रवाळ खाणारा खरा दाढीवाला फायरवर्म, हर्मोडाइस, अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला. त्याचे कल्ले लालसर, केसांचे झुपके पांढरेशुभ्र आणि डोक्यावर झालरीसारखा उंचवटा असतो. टँकमधल्या साध्या ब्रिसल वर्मला सरसकट फायरवर्म म्हणून मारलं जातं, ते बहुतेक वेळा चुकीचं असतं.

गुन्हेगार पकडायचा कसा?

*रात्रीची गस्त.* दिवे बंद झाल्यावर एक-दोन तासांनी पाहा. टॉर्चला लाल जिलेटिन कागद लावा. अनेक समुद्री किड्यांना लाल उजेड नीट जाणवत नाही, त्यामुळे ते लगेच भोकात पळत नाहीत. सलग चार-पाच रात्री पाहा आणि कोणत्या खडकाच्या कोणत्या भोकातून कोण येतं ते फोटोवर खूण करून ठेवा.

*पांढऱ्या वाडग्याची चाचणी.* प्रवाळाचा रंग उतरत असेल तर तो तुकडा टँकच्याच पाण्याने भरलेल्या पांढऱ्या वाडग्यात ठेवा आणि मोठ्या ड्रॉपरने त्याच्यावर जोरात पाणी मारा. पांढऱ्या तळावर अर्धपारदर्शक पापुद्रे हलताना दिसले, तर तो चपटा कृमी.

*खाल्ल्याच्या खुणा.* अ‍ॅक्रोपोरावर छोटे, गोलसर, फिकट ठिपके पडतात, विशेषतः फांदीच्या सावलीच्या बाजूला आणि बुडाशी. फांदीच्या मेलेल्या पांढऱ्या भागावर तपकिरी-सोनेरी अंड्यांचे पुंजके दिसतात. भिंग वापरा.

*आमिष.* कोळंबीचा छोटा तुकडा नायलॉनच्या जुन्या मोज्यात बांधून रात्री वाळूवर ठेवा. ब्रिसल वर्मचे केस जाळीत अडकतात. पहाटे मोजा अलगद उचलला की किडे सोबत येतात. लहान भोकांची प्लास्टिकची नळीही चालते. मोजा तासन् तास विसरू नका, कोळंबी कुजली की पाणी बिघडतं.

*इतर संशयित वगळा.* मासा गायब झाला म्हणजे किड्याने खाल्ला असं नाही. तो झाकण नसलेल्या टँकमधून बाहेर उडी मारून कपाटामागे पडलेला असू शकतो. प्रवाळाचा रंग जातोय तर आधी पाण्याचं तापमान, क्षारता, नायट्रेट तपासा. सगळं ठीक असेल तेव्हाच किड्याकडे बोट दाखवा.

लाल चपटे कृमी : आधी ओढून काढा, औषध नंतर

इथे सर्वात जास्त चुका होतात. बाजारात या कृमींसाठी खास औषधं मिळतात आणि ती कामही करतात. पण हजारो कृमी एकदम मेले की त्यांच्या शरीरातलं विष एकाच वेळी पाण्यात उतरतं. मासे तडफडायला लागतात. औषधाने कृमी मारले आणि कृमींच्या विषाने मासे मारले, असा हिशेब होतो.

म्हणून क्रम असा ठेवा :

पहिले दोन-तीन आठवडे औषध नाही. एअर पंपाला लावतात तशी बारीक नळी घ्या, तिने कृमी सायफन करून बारीक कापडी फिल्टरमधून बादलीत सोडा. गाळलेलं पाणी परत वापरता येतं. हे दर दोन दिवसांनी करा. पाण्याचा प्रवाह वाढवा, खाद्य कमी करा.

कृमी डोळ्यांना जेमतेम दिसावेत इतके उरले की मगच औषध. त्यासाठी टँकमध्ये खरोखर किती पाणी आहे ते काढा. ९० × ४५ × ४५ सेंटीमीटरचा टँक काठोकाठ सुमारे १८२ लिटरचा होतो. त्यातून खडक आणि वाळूने अडवलेली जागा वजा करा आणि खाली संप असेल तर त्यातलं पाणी मिळवा. मात्रा डब्यावर लिहिलेली तीच, अंदाजाने दुप्पट नाही.

औषध टाकण्याआधी तीन गोष्टी तयार हव्यात : मीठ घालून तापमान जुळवलेलं भरपूर नवं पाणी, विष शोषून घेणारा ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन आणि जोरदार एअर पंप. कृमी सुटायला लागले की ते लगेच सायफन करा. मासे जोरात श्वास घ्यायला लागले तर थांबू नका, कार्बन लावा आणि पाणी बदला. काही दिवसांनी पुन्हा तपासा, गरज पडली तर दुसरा डोस.

कृमी खाणारे प्राणीही आहेत. सहा पट्ट्यांचा रॅस मासा, पिवळा रॅस मासा आणि निळी-काळी समुद्री गोगलगाय केलिडोन्युरा व्हेरियन्स. पण रॅस कृमी खाईलच याची खात्री नसते आणि सहा पट्ट्यांचा रॅस मोठा झाला की लहान माशांना छळतो. ही गोगलगाय तर असे कृमीच खाते. ते संपले की ती उपाशी मरते. एका महिन्याच्या कामासाठी एक जीव आणायचा का, याचा विचार आधी करा. आणलीच तर काम झाल्यावर गरज असलेल्या दुसऱ्या शौकिनाकडे द्या.

अ‍ॅक्रोपोराचा कृमी : सहा आठवड्यांची शिस्त

या कृमीवर खात्रीचा एका दिवसाचा उपाय नाही. कारण त्याची अंडी. प्रवाळाला आंघोळ घालायची 'डिप' औषधं मोठे कृमी पाडतात, पण अंड्यांवर त्यांचा परिणाम होत नाही. आज सगळे कृमी निघाले तरी काही दिवसांनी अंडी फुटतात आणि नवी पिढी कामाला लागते. २७ अंशांच्या आसपास अंड्यापासून पुन्हा अंड्यापर्यंतचं चक्र साधारण पाच-सहा आठवड्यांत पूर्ण होतं.

मात्र त्याची एक दुबळी बाजू आहे : अ‍ॅक्रोपोराशिवाय तो जगत नाही. म्हणून टँकमधले सगळे अ‍ॅक्रोपोरा काढून वेगळ्या टँकमध्ये ठेवा. एकही तुकडा मागे ठेवू नका. मूळ टँकमध्ये उरलेले कृमी उपासमारीने संपतात.

वेगळ्या टँकमध्ये दर आठवड्याला डिप द्या. डिपच्या वाडग्यात ड्रॉपरने फांद्यांमध्ये पाणी मारत राहा, म्हणजे कृमी सुटतात. नंतर दुसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुवा. डिपचं पाणी कधीच टँकमध्ये ओतू नका. प्रत्येक वेळी भिंगाने अंडी शोधा आणि टोकदार वस्तूने खरवडा. बुडाशी मेलेला भाग जास्त असेल तर तो तोडून टाका आणि जिवंत तुकडा नव्या चकतीवर चिकटवा. निदान सहा आठवडे हे चालू ठेवा. शेवटच्या सलग दोन-तीन डिपमध्ये एकही कृमी पडला नाही, तरच प्रवाळ परत न्या.

तिसऱ्या आठवड्यात "आता काही दिसत नाही" म्हणून थांबणारेच दोन महिन्यांनी पुन्हा सुरुवात करतात.

मोठा युनिसिड : किडा नव्हे, खडक पकडा

इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यात न्यूक्वे इथे ब्लू रीफ अ‍ॅक्वेरियम आहे. २००९ साली तिथल्या एका टँकमध्ये प्रवाळ तुटलेले आणि मासे जखमी झालेले आढळू लागले. कर्मचाऱ्यांनी आमिष लावून सापळे ठेवले, काही हाती लागलं नाही. शेवटी त्यांनी टँकमधले खडक एकेक करून बाहेर काढले. तेव्हा आतून सुमारे चार फूट लांबीचा किडा निघाला. कर्मचाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'बॅरी'. तो लहान असताना लाइव्ह रॉकमधून आला असावा आणि आत गुपचूप वाढत गेला असावा, असा अंदाज होता.

यात घरच्या टँकसाठी धडा आहे. भोकातून डोकावलेला मोठा किडा चिमट्याने ओढू नका. तो आत अंग घट्ट रोवतो आणि तुटतो. आत राहिलेला भाग एक तर कुजतो किंवा जगून पुन्हा वाढतो.

रात्रीच्या गस्तीत त्याचा खडक ओळखा आणि सकाळी तो खडकच बादलीत काढा. नेहमीपेक्षा जास्त खारट पाण्यात खडक थोडा वेळ ठेवला की आतले जीव बाहेर पडू लागतात. काही शौकीन बादलीतल्या खडकाच्या भोकात सिरिंजने साधा, चव नसलेला सोडा सोडतात. किडा बाहेर येतो. तेही जमलं नाही तर भोक इपॉक्सी पुटीने बुजवता येतं, पण खडकाला मागून दुसरं तोंड नाही ना ते पाहा. संशयित खडक एकच असेल आणि किडा निघतच नसेल, तर तो खडक बाजूला काढणं सर्वात सोपं.

नारिंगी ओएनोनलाही हाच नियम लागू. पकडलेला किडा वाडगाभर गोड्या पाण्यात टाकला की मरतो. हातात जाड रबरी मोजे हवेतच.

या चार गोष्टी कधीच करू नका

*टँकमध्ये तांब्याचं औषध.* माशांच्या काही रोगांवर तांबं वापरतात, पण ते वेगळ्या टँकमध्ये. रीफ टँकमध्ये ते टाकलं तर किड्यांबरोबर प्रवाळ, कोळंबी, गोगलगायी मरतात. खडक तांबं शोषून घेतो आणि नंतरही ते सोडत राहतो.

*बागेचं किंवा घरातलं कीटकनाशक.* परदेशी व्हिडिओंमध्ये प्रवाळाच्या डिपसाठी असे प्रयोग दिसतात. पण इथल्या बाटलीत तोच घटक, तेवढाच असेल याची खात्री नसते. अंश टँकमध्ये गेला तरी कोळंबी आणि खेकडे संपतात. हाताळणाऱ्यालाही धोका असतोच.

*सगळे किडे एकदम मारणं.* खडकाच्या आत मेलेले शेकडो ब्रिसल वर्म कुजतात, अमोनिया वाढतो, ऑक्सिजन घटतो. सकाळी मासे पाण्यावर तरंगताना दिसतात.

*खडक उकळणं.* ही चूक माणसांच्या जिवावर बेतू शकते. अनेक रीफ टँकमध्ये झोअँथिड किंवा पॅलिथोआ असतात, म्हणजे बटणांसारखे दिसणारे रंगीत, मऊ प्रवाळ. त्यांच्यातल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. हवाईतल्या पॅलिथोआपासून १९७१ साली ते पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं आणि आजही ते निसर्गातल्या सर्वात घातक विषांमध्ये गणलं जातं. उकळल्याने ते नष्ट होत नाही. उलट वाफेबरोबर हवेत पसरतं.

२००७ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका माणसाने टँकमधले नको असलेले झोअँथिड मारायला उकळतं पाणी वापरलं आणि वाफ श्वासात गेल्याने तो आजारी पडला. अलास्कात २०१२ ते २०१४ या काळात दुकानांत आणि घरांत झालेल्या अशा विषबाधांची नोंद अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने प्रसिद्ध केली. २०१८ साली इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात स्टीव्हंटन गावी टँक साफ करताना एक कुटुंब आजारी पडलं आणि मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनाही रुग्णालयात न्यावं लागलं.

लक्षणं फ्लूसारखी वाटतात : ताप, थंडी, खोकला, धाप, अंगदुखी, तोंडात धातूसारखी चव. त्यामुळे डॉक्टरांच्या लक्षात येणं कठीण जातं. टँकचं काम केल्यावर काही तासांत असं झालं तर दवाखान्यात "आज मी समुद्री प्रवाळ हाताळले" हे स्वतःहून सांगा.

म्हणून असे प्रवाळ असलेला खडक उकळू नका, मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, गरम पाण्याने किंवा ताकदीच्या फवाऱ्याने घासू नका. खडकावरचं काम पाण्याखाली किंवा बादलीत करा. हातमोजे आणि चष्मा घाला, हाताला जखम असेल तर काम पुढे ढकला. लहान मुलं आणि पाळीव प्राणी त्या खोलीत नकोत.

पुन्हा येऊ नयेत म्हणून

टँकपेक्षा त्याचा दरवाजा सांभाळणं सोपं आहे. एक छोटा, साधा क्वारंटाइन टँक ठेवा : काच, हीटर, लहान पंप, दिवा. खाली वाळू नको, म्हणजे पडलेला किडा दिसतो.

नवा प्रवाळ आला की आधी चकती काढून टाका आणि बूड खरवडा. डिप द्या, डिपचं पाणी पांढऱ्या वाडग्यात पाहा. मग चार ते सहा आठवडे क्वारंटाइनमध्ये ठेवा आणि मधून मधून रात्री टॉर्चने तपासा. अ‍ॅक्रोपोरा असेल तर सहा आठवडे पूर्णच करा. दुकानातल्या पिशवीतलं पाणी मोरीत जाऊ द्या, टँकमध्ये नाही.

वापरलेल्या नळ्या, जाळी, चिमटे गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. दोन टँकसाठी एकच सायफन वापरत असाल तर किड्यांसाठी तो पूल ठरतो.

भारतात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा

"दुकानातल्या दगडात किडे असतात, त्यापेक्षा मालवणहून स्वच्छ दगड आणू" असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. समुद्रातला ताजा दगड तर किड्यांनी जास्तच भरलेला असतो. शिवाय आपल्या समुद्रातले खडक बांधणारे प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मालवण असो, लक्षद्वीप असो की अंदमान, तिथून प्रवाळ उचलणं हा गुन्हा आहे. दुकानातून प्रवाळ घेतानाही तो कुठून आला आणि कागदपत्रं आहेत का, हे विचारा.

याची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. किडे लागलेला खडक, नको झालेला प्रवाळ किंवा पकडलेला किडा 'जीव वाचवायचा' म्हणून खाडीत किंवा अरबी समुद्रात सोडू नका. आपल्या टँकमधले जीव इंडोनेशियाचे असू शकतात किंवा कॅरिबियनचे. त्यांच्यासोबतचे परजीवी आणि रोग इथल्या किनाऱ्याला नवे असतात. टँकमध्ये निदान औषध तरी टाकता येतं, समुद्रात तेही नाही.

थोडक्यात

आज रात्री टँकमध्ये काही वळवळताना दिसलं तर चिमटा बाजूला ठेवा, फोटो काढा. केस आहेत की नाहीत, किती मिशा आहेत, काय खातोय, कोणत्या भोकातून येतोय, एवढं चार-पाच रात्री लिहून ठेवा. केसाळ असेल आणि उरलेलं खाद्य खात असेल तर त्याला काम करू द्या, खाद्य थोडं कमी करा. प्रवाळावर तांबूस चादर दिसली तर सायफन, अ‍ॅक्रोपोरावर गोल ठिपके दिसले तर डिप आणि सहा आठवडे, जबडेवाला मोठा किडा दिसला तर खडक बाहेर.

आणि काहीही झालं तरी पातेलं गॅसवर चढवू नका.